नववीतल्या पोरीसाठी गावातच गणिताची शिकवणी घेणारं कोणी कसं शोधायचं?

कास्तकार_दारव्हा
राम राम मंडळी. पोरगी यंदा नववीत आहे, सेमी इंग्लिशले. सातवीपर्यंत गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत मराठीतून शिकली, चांगली हुशार, गुरुजी नाव घ्यायचे तिचं. आठवीपासून बाजूच्या गावच्या हायस्कूलात टाकली तर तिथं गणित न् विज्ञान इंग्रजीतून, आणि तेव्हापासून गणित मागं पडलं ते पडलंच. आता घटक चाचणीत कशीबशी पास झाली. आम्ही दोघं नवरा-बायको एवढे शिकलेले नाही की तिले संच न् बहुपदी समजावून सांगू. दारव्ह्याले क्लास आहेत पण ते सुटतात संध्याकाळी, त्यानंतर आमच्या फाट्यावर थांबणारी एसटी नाही, हिवाळ्यात तर सहालेच अंधार पडते आणि फाट्यावरून गावात एकटी पोरगी चालत येईल हे आमच्या मनाले पटत नाही. महिन्याले हजारापर्यंत देऊ शकतो पण दर महिन्याले हातात पैसा राहीनच असं नाही, कास्तकारी आहे. लहाना पोरगा सातवीत आहे, त्याचंही पुढं पाहावं लागन. तर गावात नाहीतर आजूबाजूच्या खेड्यात शिकवणारं कोणी शोधायचं कसं, विचारायचं कोणाले, आणि तो माणूस बरोबर शिकवून राहिला का नाही हे आमच्यासारख्यानं ओळखायचं कसं?

दर्यापूरची_ताई
भाऊ, एसटीचं तुमचं बरोबर आहे, पोरींचा पास फुकट असला तरी बसच नसन तर पास घेऊन काय करायचं. आमच्या पोराले तालुक्याच्या एका क्लासले टाकलं होतं, वर्षाची फी आधीच घेतली, खोलीत इतकी पोरं की मागं बसणाऱ्याले फळा दिसेना आणि काही विचारलं तर उद्या सांगतो म्हणत. ते सोडलं. मग गावातलीच एक पोरगी सापडली, बीएस्सीले आहे, सकाळी कॉलेजले जाते दुपारी परत येते, ती आता चार-पाच लेकरं घेऊन बसते तिच्याच घरच्या ओसरीत, तिची आई घरीच असते. तुमच्या पोरीसाठी तर मी म्हणते शिकवणारी बाईमाणूस भेटली तर पहिले तिलेच पाहजा, नववीतल्या पोरी मास्तरले दुसऱ्यांदा विचारायले लाजतात, ताईले दहा वेळा विचारतात. आणि एकटी नका लावू, तिच्या वर्गातल्या दोन-तीन पोरींच्या घरी जाऊन बोला, फी वाटली जाते आणि पोरी सोबतीनं जातात-येतात, तो अंधाराचा प्रश्नही सुटते. विचारायचं कोणाले म्हणाल तर आशाताई, अंगणवाडीच्या ताई, बचत गटाच्या बाया. कोणाची सून बीएड झालेली आहे, कोणाची पोरगी सायन्सले आहे, ह्यायले सगळं माहीत असते. सुनांचं मुद्दाम सांगून राहिली, खेड्यात लग्न होऊन आलेल्या शिकलेल्या कितीतरी बाया घरी बसून आहेत, त्यायले कोणी विचारतच नाही.

मेहकर_शिकवणी
दादा, मी स्वतः आठवी ते दहावीचं गणित घेतो, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास आहे, पवित्र पोर्टलच्या शिक्षक भरतीची वाट पाहतोय. माझ्यासारखे डीएड-बीएड झालेले बऱ्याच गावांत आहेत, ते बोर्ड लावत नाहीत म्हणून दिसत नाहीत.

आता ओळखायचं कसं ते सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे. चांगला शिकवणारा पहिल्या दिवशी नववीचं पुस्तक उघडणारच नाही, तो आधी पाहील की पोरगी नेमकी कुठे अटकते. मी नवीन आलेल्या पोराला दोनच गणितं देतो. एक, २/३ आणि ३/४ ची बेरीज. दुसरं, −५ मधून −८ वजा करा. पहिल्याचं उत्तर १७/१२, पण कितीतरी नववीतली पोरं वरचे वर नि खालचे खाली मिळवून ५/७ लिहितात, आणि दुसऱ्याचं ३ यायला पाहिजे तर −१३ येतं. ज्याला हे जमत नाही त्याला बहुपदी तुम्ही कितीही शिकवा, प्रत्येक गणितात चिन्ह चुकणार आणि घरचे म्हणणार पोरगं ढ आहे. ते ढ नसतं, त्याचं पाचवी ते सातवीतलं काहीतरी सुटलेलं असतं. म्हणून शिकवणाऱ्यानं पहिला महिना सहावी-सातवीचं पुस्तक घेतलं तर घाबरू नका, उलट समजा की माणूस बरोबर आहे. जो आल्या आल्या गाईडमधून उत्तरं उतरवून द्यायला लागतो त्याला लगेच नमस्कार करा.

सेमीचा त्रास वेगळा. तिला गणित येत नसेल असं नाही, प्रश्नच कळत नसेल. बालभारतीची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची दोन्ही पुस्तकं फुकट पीडीएफ मिळतात, धडे तेच, उदाहरणं तीच. दोन्ही शेजारी ठेवून वाचायची, आधी मराठीतून समजून घ्यायचं आणि मग सोडवायचं इंग्रजीत. एवढं करणारा शिकवणारा भेटला तरी अर्धं काम झालं. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये स्कॅन केला की धड्याचे व्हिडिओ पण येतात, पण रेंज असेल तेव्हा, आणि अडलं तर व्हिडिओला विचारता येत नाही.

तुम्हाला स्वतःला गणित यायची गरज नाही. रात्री जेवण झालं की तिला म्हणा आज केलेलं एक गणित पुस्तक मिटून परत सोडव आणि मला मराठीत सांग काय केलं ते. सांगताना ती अडखळली की समजायचं उतरवून आणलंय. वहीत चुका खोडून दुरुस्त केलेल्या दिसल्या पाहिजेत, सगळीच वही साफसुथरी आणि सगळंच बरोबर असेल तर जरा चौकशी करा.

जुने_गुरुजी
वरच्या दोघांचं बोलणं योग्य आहे. एक सांगतो, तिच्या हायस्कूलच्या गणिताच्या सरांना भेटा जरूर, पण तुम्हीच शिकवणी घ्या असं म्हणू नका. शिक्षण हक्क (आरटीई) कायदा २००९ च्या कलम २८ मध्ये शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये असं स्पष्ट आहे, उगाच त्यांची अडचण होते. त्यांना विचारायचं की पोरगी कोणत्या भागात मागे आहे, आणि तुमचा एखादा जुना विद्यार्थी जवळपास आहे का जो नीट शिकवू शकेल. शिक्षकाला असं विचारलं की तो मनापासून सांगतो.

नववीतच हालचाल करताय हे फार चांगलं. दहावीला गणिताचे भाग १ आणि भाग २ असे ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात, अंतर्गत २० गुण वेगळे, त्यामुळे नुसतं बीजगणित करून भूमिती सोडून देणं परवडत नाही. शिकवणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा, दोन्ही पाहिजे.

आणि लहान्याचं आताच लक्षात ठेवा. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, सातवीत ५५ टक्के पाहिजेत, एससी-एसटीला ५ टक्के सूट, आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित पाहिजे. म्हणजे त्याच्या सातवीच्या मार्कांकडे यंदाच बघा. गावात शिकवणारं कोणी सापडलं तर त्याच्याकडून बुद्धिमत्तेची गणितंही करून घ्या.

कास्तकार_दारव्हा
लय उपकार झाले सगळ्यायचे. गावात विचारलं तर एका घरची सून एमएस्सी गणित निघाली, मले माहीतच नव्हतं! तिची सासू तयार आहे, फक्त ती म्हणते आधी कधी शिकवलं नाही. आणि फीचं कसं बोलू? सोयाबीनचा चुकारा आल्याशिवाय माझ्या हातात काही राहत नाही.

दर्यापूरची_ताई
अरे वा भाऊ! शिकवलं नसन तरी चालते, मेहकरच्या दादांनी सांगतलेली दोन गणितं तिलेच सांगा आणि म्हणा इथून सुरू करा. दोन आठवडे पाहू म्हणजा, तिलेही मोकळं वाटते आणि तुम्हालेही. फीचं स्पष्ट बोला, सासूसमोर नाही, तिच्यासमोर, आणि पैसा तिच्या हातात द्या. थोडे महिन्याले आणि बाकीचे सोयाबीन विकल्यावर, मग कापसाचे आले की पुढचे, असं ठरवून वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून लिहा. आमच्या गावात असंच चालते. फक्त वेचणीच्या दिवसात पोरीले वावरात नेऊन शिकवणी बुडवू नका.

कास्तकार_दारव्हा
नाही नेणार ताई. सोमवारपासून तीन पोरी बसतात.