बिल्ट-इन फ्रिज बदलायचा आहे : त्याच खणात साधा फ्रिज बसेल का?

मनीषनगर_तिसरामजला
स्वयंपाकघर ७ बाय ८ फूट. डाव्या भिंतीला लागून उभं कपाट, त्याच्या खणात बसवलेला बिल्ट-इन फ्रिज, आणि लगेच उजवीकडे ग्रॅनाइटचा ओटा. फ्रिजची गॅसलाइन फोमच्या आत लीक आहे, त्यामुळे दुरुस्ती होणार नाही. खणाची आतली मापं : रुंदी ५६२, खोली ५६०, उंची १७७८ मिमी. वर आरसीसी लॉफ्ट, म्हणजे कपाटाचं डोकं बंद. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीतून मोकळी जागा ७३ सेमी. याच खणात २५० लिटरचा साधा डबल डोअर सरकवला तर चालेल का? नाहीतर बिल्ट-इनच घेते, पण मग जुने पल्ले (फ्रिज झाकणारी कपाटाची दारं) वापरता येतील का?

गारवा_सर्व्हिसवाला
ताई, साधा फ्रिज त्या खणात नको. हल्लीच्या बहुतेक साध्या फ्रिजना मागे जाळी दिसत नाही, कारण कंडेन्सरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, नळी बाजूच्या पत्र्यांच्या आतून फिरवलेली असते. आतली बरीचशी उष्णता त्या दोन कुशींतून बाहेर पडते. २५० लिटरचं मॉडेल साधारण ५५-५६ सेमी रुंद असतं. म्हणजे तुमच्या खणात दोन्ही कुशी प्लायला चिकटणार, कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेणार नाही, आणि मे महिन्यात भाजीच्या ट्रेमध्ये थंडावा उरणार नाही. बिल्ट-इनची रचनाच वेगळी. तो हवा खालून पुढून घेतो आणि मागून वर सोडतो, म्हणून बाजूला जागा नसली तरी चालतं.

घेताना लिटर पाहण्याआधी क्लायमेट क्लास, म्हणजे खोलीच्या किती तापमानात फ्रिज नीट चालतो, ते पाहा. भाजीच्या ट्रेच्या मागच्या स्टिकरवर तो छापलेला असतो. ‘एन’ म्हणजे खोलीचं तापमान १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत, ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. नागपुरात बाहेर पारा ४५ च्या वर जातो, आणि गॅस पेटलेला असताना दुपारचं स्वयंपाकघर चाळिशीत सहज असतं. ‘एसएन-एसटी’ लिहिलेलं, म्हणजे ३८ पर्यंतचंच, मॉडेल कितीही सुंदर असो, इथे घेऊ नका. ‘टी’ हवाच.

आणि ‘टी’ घेतला तरी हवेचा रस्ता नसेल तर तो वाया. खाली प्लिंथमध्ये (कपाटाच्या तळाच्या पट्टीत) आणि वर, दोन्हीकडे किमान २०० चौ. सेमी उघडी जागा लागते. ५६ सेमी रुंदीत ४ सेमी उंचीची चीर केली की हिशेब जुळतो, पण त्यावर ॲल्युमिनियमची जाळी बसवली की साधारण अर्धी जागा जाळीच खाते. म्हणून चीर ८ सेमीची ठेवा. खणात फ्रिज ज्या फळीवर उभा राहतो तिच्यात मागच्या बाजूला ४-५ सेमीची फट हवी, नाहीतर प्लिंथमधून आलेली हवा वर चढणारच नाही. नव्या मॉडेलच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त आकडा असेल तर तोच धरायचा.

लकडगंज_प्लाय
वरचं तोंड कुठे काढायचं, ते सांगतो. आरसीसी लॉफ्टला छिन्नी लावू नका. खणाच्या डोक्यावरची फळी मागून ५ सेमी कापा, आणि फळी व लॉफ्ट यांच्यामधल्या पोकळीतून हवा पुढे आणून पल्ल्याच्या वर जाळी बसवा. त्या पोकळीत पिशव्या, रद्दी काहीही कोंबायचं नाही.

पल्ल्यांचं असं आहे : बिजागरीचे दोन प्रकार असतात. एकात पल्ला थेट फ्रिजच्या दारावर स्क्रूने बसतो. दुसऱ्यात पल्ला कपाटाच्या बिजागरीवर झुलतो आणि फ्रिजचं दार छोट्या रुळावरून त्याच्यामागे सरकतं. जुना एका प्रकारचा आणि नवा दुसऱ्या प्रकारचा आला तर भोकं नव्याने पाडावी लागतात. तेवढं मिस्त्री करून देतो. खरी अडचण पल्ले दोन असतील तर येते. वरच्या-खालच्या पल्ल्यामधली रेघ जमिनीपासून किती मिमीवर आहे ते मोजा आणि नव्या मॉडेलच्या आकृतीत फ्रीजर व फ्रिजची दारं कुठे विभागतात ते पाहा. तिथे जुळलं नाही तर पल्ले नवेच करावे लागतील, आणि जुन्या लॅमिनेटची शेड मिळेलच असं नाही.

वजनही पाहा. १८ मिमी प्लायचा, दोन्हीकडून लॅमिनेट केलेला ६०० बाय ११०० चा पल्ला नऊ-दहा किलो भरतो. पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा जड झाला तर दार खाली झुकतं, गॅस्केट (दाराची रबरी पट्टी) वरच्या कोपऱ्यात उघडं राहतं आणि आत बर्फ साचतो.

रुंदी मात्र वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा, तीही जुना फ्रिज बाहेर आल्यावर. बाजूची फळी पार्टिकल बोर्डची असेल तर खालच्या हातभर भागात फुगलेली असते, कूलरच्या दमट हवेने तर हमखास. ५६० च्या खाली कुठेही भरली तर ती फळी काढून बीडब्ल्यूपी (पाण्याने न फुगणारा) प्लाय लावा.

मनीषनगर_तिसरामजला
पल्ले दोन आहेत, रेघ ६९५ वर. अख्खं कपाटच काढून साधा ठेवला तर?

गारवा_सर्व्हिसवाला
कपाट काढलं तर जास्तीत जास्त ६०० मिमी मिळतात. १९० लिटरचा सिंगल डोअर ५३-५४ सेमीचा असतो, त्याला दोन्हीकडे तीन सेमी मिळाले तरी पुस्तिकेतलं अंतर बहुधा पुरं होत नाही. शिवाय खोली ६३-६७ सेमी आणि मागची मोकळी जागा धरली की तो ओट्याच्या दहा-बारा सेमी पुढे येतो. त्याहून त्रासाचं म्हणजे दार. साध्या फ्रिजची बिजागरी बहुतेक उजवीकडे असते आणि ती बदलता येत नाही. तुमचा ओटा उजवीकडे, म्हणजे उघडलेलं दार नेमकं तुमच्या आणि ओट्याच्या मध्ये उभं राहणार. बहुतेक बिल्ट-इनमध्ये बिजागरी बदलता येते. ती डावीकडे घेतलीत तर दार भिंतीशी किती उघडतं ते तपासा. ९० अंशांपुढे गेलं नाही तर भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर येत नाही.

काढताना आधी पल्ले उतरवा, मग वरच्या पट्टीचे आणि बाजूच्या कंसांचे स्क्रू. कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमधलं पाणी पुसून घ्या, नाहीतर ओढताना सांडतं. जमिनीवर पुठ्ठा अंथरून दोघांनी सरळ ओढायचा, मागच्या नळ्यांना हात लावायचा नाही. नवा फ्रिज खोक्यासकट ७३ च्या चौकटीतून गेला नाही तर बाहेरच उघडा. लॉफ्टखाली उभा करताना तिरपं माप लागतं : १७७ उंची आणि ५५ खोलीला ते १८५ सेमीच्या थोडं वर येतं. आडवा आणला असेल तर २४ तास उभा ठेवून मगच चालू करा, तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरायला हवं.

प्लग खणाच्या मागे नको, शेजारच्या कपाटात काढा. स्टॅबिलायझरही खणाबाहेर.

लकडगंज_प्लाय
जुना फ्रिज एक्स्चेंजमध्ये किंवा नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याला द्या. त्यात आर६००ए हा थंडावा देणारा गॅस असेल तर उरलेला गॅस पेट घेणारा असतो, जिन्याखाली नळी कापू देऊ नका.