मदत हवी आहे: ट्यूनर सूर बरोबर दाखवतो, तरी ई मेजर बेसूर का लागते?

नमस्कार. मी चार महिन्यांपासून अकूस्टिक गिटार शिकत आहे. क्लिपचा ट्यूनर ४४० हर्ट्झवर ठेवून मी जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई अशा तारा लावतो. सहाही तारांवर काटा मधोमध येतो आणि जी मेजर ही कॉर्ड (एकत्र वाजवायचा स्वरसमूह) छान लागते. पण लगेच ई मेजर वाजवली की तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) दाबलेला जी शार्प चढा वाटतो, अगदी कानाला टोचतो. तो गोड लागेपर्यंत तार उतरवावी, तर जी मेजर बिघडते, कारण तिथे तीच तार मोकळी वाजते. पाचव्या फ्रेटवरून पुढची तार जुळवण्याची पद्धतही, बीसाठी चौथा फ्रेट धरून, करून पाहिली. फरक पडला नाही. दोष गिटारचा, ट्यूनरचा की माझ्या कानाचा, हे कसे ओळखावे?

उत्तर: ट्यूनर निर्दोष दिसतो आणि आपला कान तर चांगलाच आहे. ई हा षड्ज धरला, तर जी शार्प हा त्याचा गांधार होतो. शुद्ध गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, तर गिटारचे फ्रेट प्रत्येक अर्धस्वराला सारखे १०० सेंट देतात, म्हणून तिथे तो ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढाच मिळतो. पंचमात हा फरक जेमतेम २ सेंटांचा असल्याने तो जाणवत नाही. एवढे कोणत्याही गिटारवर सोसावेच लागते.

त्यापलीकडे काही आहे का, ते असे पाहा: मोकळी तिसरी तार अचूक लावा, मग पहिल्या फ्रेटच्या अगदी जवळ हलकेच दाबून ट्यूनर बघा. काटा मधोमध राहिला, तर गिटार ठीक आहे. बराच चढला, तर नटची, म्हणजे खुंट्यांजवळ तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीची, खाच उंच असण्याची शक्यता आहे. ती स्वतः घासू नका, कारण जास्त घासलेली खाच पुन्हा भरणे किचकट असते. तार नेहमी थोडी जास्त उतरवून मग चढवत सुरावर आणा, म्हणजे ती खुंटीवर ढिली राहत नाही. बरेच वादक तिसरी तार ३-४ सेंट उतरती ठेवतात, मीही ठेवतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. हलकेच दाबल्यावर काटा मध्यावरच राहिला, पण नेहमीसारखे दाबल्यावर १२ सेंट वर गेला, म्हणजे आधीच चढ्या गांधारात माझ्या बोटाच्या जोराची भर पडत होती. आता ई मेजर सुसह्य झाली आहे. मात्र डी मेजरमध्ये पहिल्या तारेवरचा एफ शार्प खटकू लागला आहे. तोही गांधारच ना?