मदत हवी आहे: दोन स्विचमध्ये पिंग झकास, फाइल कॉपी मात्र रांगते

रात्रपाळी
खालच्या मजल्यावरून वरच्या सर्व्हरवर मोठी फाइल टाकायची म्हणजे नुसता वैताग. सुरुवातीला जरा पळते, मग ३००-४०० केबीवर येऊन रांगते, कधी मध्येच कनेक्शन तुटतं. पिंग (छोटं चाचणी-पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंद, हजारात दोन-तीन पॅकेट गळतात. सर्व्हर बदलून पाहिला, तीच रड. उद्यापर्यंत सुटायला हवं. कुणाला अनुभव?

तारकुंपण
स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारे) की साधे? मध्ये तांबं की फायबर? आणि केबी म्हणजे किलोबिट की किलोबाइट? आठपटीचा फरक पडतो.

सल्लाबहाद्दर
डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदला. ८.८.८.८ टाका. माझं लगेच पळायला लागलं.

तारकुंपण
अहो, फाइल अर्धी गेल्यावर डीएनएसला कोण विचारतंय?

रात्रपाळी
किलोबाइट. दोन्ही मॅनेज्ड, दोन्ही गिगाबिट (१००० मेगाबिट), मध्ये एकच तांब्याची केबल. केबल ठीक आहे, दिवा लागतोय.

जुना_खिळा
दिवा लागला म्हणून केबल ठीक होत नाही हो. दहापैकी आठ वेळा केबलच असते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघेल बघा. उपटा आणि नवी टाका.

चकवा
माझं वायफाय पण असंच रांगतं, फक्त संध्याकाळी. त्याला काय करावं?

तारकुंपण
@चकवा, वेगळा धागा काढा.
@रात्रपाळी, केबल उपटण्याआधी दोन्ही बाजूंच्या पोर्टचे काउंटर टाका. वेग, डुप्लेक्स (फुल म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात, हाफ म्हणजे आळीपाळीने), सीआरसी (बिघडून आलेल्या फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे), कोलिजन (टक्कर).

रात्रपाळी
वरचा: १००/फुल, सीआरसी ४१,२०७, लेट कोलिजन ०
खालचा: १००/हाफ, सीआरसी ०, लेट कोलिजन ९,८६१

तारकुंपण
सापडलं. एकीकडे फुल, दुसरीकडे हाफ. वरचा पोर्ट कुणी हाताने फिक्स केलाय का?

रात्रपाळी
हो, ते सांगायचं राहिलं. आधीच्या माणसाने केलंय. ऑटोवर, म्हणजे पोर्टनी आपसात वेग-डुप्लेक्स ठरवायचं तेव्हा, लिंक सारखी पडायची म्हणे.

तारकुंपण
हेच पहिल्या ओळीत हवं होतं राव! फिक्स केलेला पोर्ट समोरच्याशी बोलणी करत नाही. ऑटोवाल्याला सिग्नलवरून वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, मग तो हाफ धरून बसतो. आता हाफवाला तार मोकळी दिसल्यावरच बोलतो, फुलवाला मनाला येईल तेव्हा. हाफवाल्याला वाटतं टक्कर झाली, तो फ्रेम अर्धवट सोडतो, आणि तोच तुकडा वर सीआरसी म्हणून मोजला जातो. पिंग एकेकटं जातं, म्हणून वाचतं.

जुना_खिळा
मग दोन्हीकडे फिक्स करा. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो, कधी त्रास नाही.

तारकुंपण
शंभरावर चालेल. तांब्यावरच्या गिगाबिटला मात्र १९९९च्या मानकापासून ऑटो-निगोशिएशन (हेच ऑटो) सक्तीचं आहे. स्विच गिगाबिटचे घेऊन शंभरावर का राबवायचे?

जुना_खिळा
मानकं कागदावर. प्रत्यक्षात लिंक पडली की फोन आम्हाला येतो.

रात्रपाळी
भांडू नका. दोन्हीकडे ऑटो केलं. लिंक दोनदा वरखाली झाली आणि १००/फुलवर बसली. कॉपी ११ एमबीने चाललीय, एरर वाढत नाहीत. पण १००० का नाही?

तारकुंपण
शंभराला केबलमधल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. ऑटोवर लिंक पडायची त्याचं मूळही तिथेच असणार. स्विचमध्ये केबल टेस्ट असेल तर चालवा. लिंक क्षणभर पडते, कॉपी संपल्यावर करा.

रात्रपाळी
खालून केली. जोडी ४ ओपन (जोडलेलीच नाही), ३८ मीटरवर. वरचं पॅच पॅनेल (केबलच्या तारा जिथे येऊन बसतात ती पट्टी) तेवढ्यावरच येतं.

जुना_खिळा
केबल म्हणालो होतो की नाही!

तारकुंपण
म्हणालात खरं. पण केबल बदलून पोर्ट फिक्सच ठेवला असतात तर हाफ-फुल तसंच राहिलं असतं.

रात्रपाळी
पॅनेल उघडलं. तपकिरी तार दातांत बसलेलीच नव्हती, वर नुसती टेकलेली, इन्सुलेशनसुद्धा कापलेलं नाही. पुन्हा पंच केली, म्हणजे दातांत दाबून बसवली. १०००/फुल! तीच फाइल ११० एमबीने गेली. काउंटर शून्य करून रात्रभर कॉपी लावली होती, सकाळी सीआरसी दोन्हीकडे ०. आभार मंडळी.
एक राहिलं. वरच्या स्विचवर अजून सहा पोर्ट १००/फुल करून ठेवलेले सापडले. तेही ऑटो करून टाकू का?

तारकुंपण
त्यांच्या समोर काय जोडलंय?