अनुभव धागा : दिवसभरात काय पाहिलं, ऐकलं, वाचलं... आणि त्यातलं आठवतंय काय?

सायकलवाली

आमच्या सरांनी एसवायच्या वर्गाला सात दिवसांची रोजनिशी ठेवायला सांगितली. उठल्यापासून झोपेपर्यंत जे बघितलं, ऐकलं, वाचलं ते सगळं. तीन रकाने : कधी, किती वेळ, काय. म्हटलं, सोपं आहे. पहिले दोन रकाने फोननेच भरून दिले. सोमवारी ६ तास ४० मिनिटं, त्यातले साडेतीन तास नुसते रील्स. अडले ती तिसऱ्या रकान्यापाशी. रात्री अकराला वही घेऊन बसले तर काही आठवेना. एक मांजर. कुणीतरी खलबत्त्यात ठेचा करत होतं. एक मुलगा नोकरी सोडल्याचं रडत रडत सांगत होता. आणि एक साडी नेसायची पद्धत, तीही अर्धीच. साडेतीन तासांत डोळ्यांसमोरून शेकड्यांनी गेले असतील, आठवले चार!

आणि तेव्हाच, काही संबंध नसताना, विट्याजवळच्या आमच्या गावची मे महिन्यातली सकाळ आठवली. २०१३ असेल, मी आठ वर्षांची. आजीचा रेडिओ, चामड्याचं भोकाभोकांचं कव्हर, मागचं झाकण हरवलेलं म्हणून रबर लावलेलं. ६ वाजून ५५ मिनिटांनी संस्कृत बातम्या. 'इयम् आकाशवाणी' म्हटलं की मी आणि दादा अंथरुणातून तसंच ओरडायचो. मग ७:०५ च्या प्रादेशिक बातम्या, तेव्हा आजी चहाचं आधण ठेवायची. बातम्या संपल्या की खट्कन रेडिओ बंद. सेल उतरतात म्हणून!

तुमच्या कॉलेजच्या दिवसांत काय काय होतं? आणि आता काय आहे? लिहा ना. सरांना दाखवणार नाही.

बावळट बोका

६:४० म्हणजे तू साध्वी आहेस. मी आकडा सांगणार नाही, इथे माझी मावशी पण असते.

मेसमध्ये वरणाच्या वाटीला फोन टेकवून जेवतो. परवा व्हिडिओ बघता बघता भाताऐवजी ताकातच वरण ओतलं. शेजारच्याने बघितलं पण सांगितलं नाही, कारण तोही त्याच्या वाटीत बघत होता.

कोथरूडची काकू

घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मी १९७८ ला कॉलेजात. गिरगावात चाळीत राहायचो. मजल्यावर टीव्ही एकच, कोपऱ्यातल्या बिऱ्हाडात. गुरुवारी छायागीत (सिनेमातल्या गाण्यांचा कार्यक्रम) लागलं की त्यांच्या दाराबाहेर तीसेक चपलांचे जोड. एकदा माझी नवी कोल्हापुरी गेली ती गेलीच. कोणी नेली ते मला माहीत आहे पण आता त्या हयात नाहीत, जाऊ दे.

पेपर दहा बिऱ्हाडांत दोन. पान पान सुटं होऊन फिरायचं. आम्हा मुलींपर्यंत यायचं तोवर त्याला कुणाचा तरी चहा लागलेला असायचा. पण अग्रलेखापासून निविदांपर्यंत वाचायचो सगळं, कारण दुसरं काही नव्हतंच! आम्ही काही फार शहाणे होतो असं नाही हं. हातात असा फोन असता तर मीही हेच केलं असतं. आत्तासुद्धा तेच करतेय, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

निव्वळ वाचक

+१ काकू. चार शिट्ट्या समजून बंद करा.

अभ्यासिका क्र. ४

सदाशिव पेठ, एमपीएससी, तिसरं वर्ष. स्मार्टफोन आईकडे गावी ठेवला आणि बटणांचा साधा फोन घेतला. सगळ्यांनी कौतुक केलं. मग लक्षात आलं की चालू घडामोडींच्या पीडीएफ टेलिग्रामवर, लेक्चर यूट्यूबवर, टेस्ट सिरीज ॲपवर. पंधरा दिवस शेजारच्या मित्राच्या फोनवर बघत होतो. शेवटी तोच म्हणाला, भावा तुझा फोन मागव, मी पाठवायचा खर्च देतो.

पेपर अभ्यासिकेत येतो, पण अग्रलेख कुणीतरी ब्लेडने कापून नेतं. त्यामुळे त्याच्या पाठच्या पानावर काय असतं हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही.

बावळट बोका

@अभ्यासिका, कापून नेणारा तू नाहीस कशावरून?

अभ्यासिका क्र. ४

पहिल्या वर्षी मीच होतो.

पॅक संपला

आमच्या वेळी रील नव्हतं, पण मेसेज होते. २०११ ला ट्रायने (फोन कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) दिवसाला १०० एसेमेसची मर्यादा घातली. मग ओरड झाली आणि २०० केली. तो मधला महिना आमच्या प्रेमाचा सर्वात कठीण काळ. मी नव्व्याण्णव मोजून ठेवायचो, शंभरावा 'गुड नाइट'साठी राखून. एकदा चुकून तो 'हम्म' लिहिण्यात गेला. ती दोन दिवस बोलली नाही. आणि दिवाळीला, थर्टी फर्स्टला पॅक चालायचाच नाही, प्रत्येक मेसेजला वेगळे पैसे. म्हणून शुभेच्छा आदल्या दिवशीच.

लग्न झालं आमचं. आता ती सोफ्याच्या त्या टोकाला बसून मला रील पाठवते, मी ह्या टोकावरून बदाम देतो.

कोथरूडची काकू

हे फार गोड आहे. (पाच झाल्या. डाळ गेली.)

ऱ्हाईनकाठी

बॉनमध्ये मास्टर्स करतेय. इथे उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, थंडीत साडेचार. म्हणजे मी उठते तेव्हा घरचा अर्धा दिवस होऊन गेलेला असतो. डोळे उघडायच्या आत दीडशे मेसेज : सुप्रभात, फुलं, मामाचा रक्तदाबाचा आकडा, कुणाच्या तरी मुंजीचे फोटो. आधी चिडायचे. मागच्या हिवाळ्यात आईचा फोन बिघडला, चार दिवस फुलं आली नाहीत, तर मला सकाळी उठवेना.

सायकलवाली, तिसऱ्या रकान्याचं अगदी पटलं. मी प्रबंधासाठी वाचते ते आठवत नाही, पण मामाचा रक्तदाब पाठ आहे. १४० वर ९०.

निव्वळ वाचक

मामांना मीठ कमी करायला सांगा.

खडू-फळा

मी ह्या नाण्याच्या दुसऱ्या बाजूला. हीच रोजनिशी मी मुलांना देतो. साठ वह्यांपैकी पन्नासेक आदल्या रात्री लिहिलेल्या असतात. सातही दिवसांची शाई एक, अक्षर एक, आणि रविवारी संध्याकाळीसुद्धा 'वर्तमानपत्र वाचन ३० मि.' एका मुलाने मात्र खरं लिहिलं होतं : 'रात्री ९ ला दीड जीबी संपला. १२ पर्यंत छताकडे बघितलं. १२ ला नवा डेटा आला.' त्याला मी सर्वात जास्त मार्क दिले. बाकीच्यांना कारण कळलं नाही.

सायकलवाली

सर... तुम्ही आमचे सर तर नाही ना?

खडू-फळा

विषय कोणता, वार कोणता ते सांगू नकोस, म्हणजे दोघांनाही झोप लागेल.

पेन्सिल सेल

दीड जीबी रोज! आम्ही २०१४-१५ ला एक जीबी महिनाभर पुरवायचो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि हॉस्टेलवर रांगा लागल्या सिमकार्डाला. त्याआधी एका पेनड्राइव्हवर अख्खा मजला जगायचा. पिक्चर कुठला हे महत्त्वाचं नव्हतंच, कुणाच्या खोलीत आहे हे महत्त्वाचं. त्या खोलीत फ्लॅट स्क्रीन नव्हता, लॅपटॉप होता, त्याची बिजागरी तुटलेली, पाठीमागे मेकॅनिक्सची दोन पुस्तकं लावून उभा करायचो. त्या पुस्तकांचा तेवढाच उपयोग झाला.

बाय द वे सायकलवाली, विट्याजवळ म्हणजे कुठे? माझं आजोळ खानापूर.

सायकलवाली

अगं बाई/अरे बाबा, मग शेजारीच! आम्ही भाळवणीकडचे. आजी २०१९ ला गेली. घर बंदच असतं, दिवाळीत जातो.

रोजनिशीचं पुढे काय झालं ते राहिलंच सांगायचं. पाचव्या दिवशी मी एक युक्ती केली : बघितलं की लगेच लिहायचं. दर रीलनंतर वही. दहा मिनिटांत कंटाळा आला आणि फोन ठेवला! त्या दिवशी २ तास ५० मिनिटं. सहाव्या दिवशी वही लांब ठेवली :D, परत ६ च्या वर.

बावळट बोका

म्हणजे रोग वही आहे की औषध?

पेन्सिल सेल

(बाबाच आहे.) आजीचा रेडिओ आहे का अजून?

सायकलवाली

आहे, फडताळात. गेल्या दिवाळीत उघडला तर सेल आतच राहिलेले, फुटून सगळं पांढरंहिरवं झालंय. चालेल का तो?

पेन्सिल सेल

चालेल की. सेल काढ, हात धू, स्प्रिंगा आणि पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घास, पितळ दिसेपर्यंत. तार सुटली असेल तर विट्यात कुणीही डाग मारून देईल. सेल किती लागतात, दोन की तीन?

सायकलवाली

तीन, मोठे. मधला उलटा घालायचा असतो. हे मात्र मला पक्कं आठवतंय.