मदत हवी आहे: आईचं दुर्बिणीचं ऑपरेशन आणि पायाच्या शिरा
नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातले. आईच्या पित्ताशयात खडे आहेत, पुढच्या आठवड्यात नांदेडला दुर्बिणीनं ऑपरेशन ठरलंय. वय 62. जन्मभर रानात उभं राहून खुरपणी-वेचणी केली, त्यामुळे डाव्या पोटरीवर निळ्या, गाठीगाठीच्या शिरा फुगल्यात. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो.

डॉक्टरांनी सांगितलं की पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण 12 ते 15 मिमी पारा. त्या दाबानं पोटातली मोठी शीर दबते. त्यात पित्ताशयासाठी टेबल डोक्याकडून उंच करतात, म्हणून पायातलं रक्त वर चढायला वेळ लागतो आणि गुठळीचा धोका वाढतो. वायू काढला की प्रवाह पुन्हा सुधारतो म्हणे. पण आईच्या शिरा आधीच अशा, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

कुणाच्या घरी असं झालंय का? ऑपरेशन चालू असताना पायाला हवेनं दाबणारे पट्टे लावले होते का, की नुसते घट्ट मोजे? रक्त पातळ करायचं इंजेक्शन किती दिवस दिलं? मोजे मापाचेच लागतात म्हणतात, ते नांदेडला मोजमाप घेऊन कुठं मिळतील? आणि त्याच संध्याकाळी चालवलं का?

आई म्हणते, "आठ दिवस पडूनच राहते." तिला कसं समजावू, तेही सांगा.