मदत हवी आहे: बडोद्यात मोडी वाचणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. रावपुऱ्यातलं आमचं जुनं घर नेमकं कोणत्या पिढीने बांधलं, यावर दर दिवाळीला वाद होतो. आजी सांगायची, तिचे आजेसासरे तांबेकरवाड्यावर कारकून होते. (भाऊ तांबेकर म्हणजे १८४९ ते १८५४ मधले बडोद्याचे दिवाण, भित्तिचित्रांचा तो वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे.) खरं-खोटं देव जाणे, इथे प्रत्येकाचा कोणीतरी पूर्वज दिवाणांच्या पदरी असतोच!

आता माळ्यावर मोडीतल्या कागदांचं बोचकं सापडलंय. कडा वाळवीने खाल्ल्यात. वाचून देणारं कोणी ठाऊक आहे का? मानधन देऊ. आणि तोवर कागद ठेवायचे कसे? काका म्हणतात लॅमिनेट करून टाकू, मला ते पटत नाही.