फेब्रुवारीतली शिरगणती आणि रिकामं गाव

बालाघाट: जनगणनेत प्रत्यक्ष माणसं मोजायचं काम २०२७ च्या फेब्रुवारीत आहे. तेव्हा आमच्या बीडच्या डोंगरपट्ट्यात असतं कोण? म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं. कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, दिवाळीच्या आगंमागं सांगली-कोल्हापूरकडं गेले, की पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय, परत येत नाहीत. २०११ लाही ९ ते २८ फेब्रुवारीच होतं. त्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, तो सापडेल तिथं मोजायचा, असा नियम. म्हणजे आमची माणसं कारखान्याच्या गावात धरली. आणि जिल्हा परिषदेचे गट-गण, राखीव जागा आजही त्याच आकड्यांवर! त्यापेक्षा दरवर्षी नमुना पाहणी करा, तीही पावसाळ्यात, माणसं घरी असताना. शिरगणती बंद केली तरी आमचं काही अडत नाही.

जुना प्रगणक: अडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्यापर्यंत येऊन थांबते, तुमच्या गावाचं ती काय सांगणार? २०११ ला बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली निघाल्या, ते घरोघर मोजलं म्हणून. तेव्हा मी ऊसतोडीच्या फडावर कोप्या, म्हणजे तोडणाऱ्यांच्या झोपड्या, मोजल्यात. दिवसा सगळे उसात, म्हणून अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जायचो. माणसं सुटली नाहीत.

बालाघाट: सुटली नाहीत गुरुजी, पण आमच्या गावात आली का?

न्यूजर्सीकर: अमेरिकेत दरवर्षी साधारण ३५ लाख पत्त्यांवर प्रश्नावली जाते. भाडं, नळ, कामावर जायला लागणारा वेळ, घरात बोलली जाणारी भाषा, सगळं विचारतात. पण ६५ हजारांहून कमी वस्तीच्या गावाला एका वर्षाचा सविस्तर आकडा मिळत नाही, पाच वर्षांचा एकत्र मिळतो. आणि दहा वर्षांची शिरगणती त्यांनीही सोडलेली नाही.

बालाघाट: पाच वर्षांचा द्या की! पंधरा वर्षांच्या शिळ्यापेक्षा बरा.

रेशनवाला: पाहणीनं इष्टांक, म्हणजे रेशन मिळणाऱ्यांचा ठरलेला कोटा, वाढत नाही हो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ग्रामीण ७५ टक्के, शहरी ५० टक्के, तेही २०११ ची लोकसंख्या धरून. दुकानात नवी सून नाव घालायला आली की मी काय सांगतो? इष्टांक भरलाय, थांबा. शिरगणतीच नको म्हणणाऱ्यांनी एक दिवस माझ्या गल्ल्यावर बसून दाखवावं.

बालाघाट: बरं, नको हा शब्द मागे घेतो. महिन्याचं मात्र घेत नाही. गावात उरलेल्यांवर आमचा हिशोब लावायचा, हे पटत नाही.

जुना प्रगणक: महिन्यावर माझंही तुमच्याशी भांडण नाही. फक्त एक. आधी कुठं राहत होता, हे फडावरही विचारतात. पण घाईत टोळीचा मुकादम एकदम सांगून टाकतो, ‘सगळे इथलेच’, आणि दमलेला मास्तर तेच लिहितो. मीही एका कोपीत लिहिलंय.

बालाघाट: मग जाताना प्रत्येक टोळीला सांगून धाडतो: मुकादमाला बोलू देऊ नका, जिल्हा बीड लिहून घेतल्याशिवाय मास्तरला उठू देऊ नका.